काकीचं सुतक

शिमग्यात गावची पालखी आधी वरच्या वाडीत न्यायची की खालच्या, या प्रश्नावरून मी जेलात गेलो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा सांभाळून बघतो. हसू दे. ज्याला देवाच्या मानाचं भांडण माहीत नाही त्याला समजावत बसायला मला वेळ नाही, आणि खरं म्हणजे आता ते माझं मलाच नीटसं समजत नाही. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, टेकवलेली होती, आवाज चढले, दांडे निघाले आणि दोन्हीकडे एकेक माणूस मरता मरता वाचला. पोलिसांनी दोन्ही वाड्यांच्या फिर्यादी घेतल्या. खालच्या वाडीने दिलेल्या फिर्यादीत पहिलं नाव माझं, आणि आमच्या वरच्या वाडीने दिलेल्या फिर्यादीत पहिलं नाव माझ्या चुलत भावाचं.

बाकीचे सगळे महिन्याभरात जामिनावर सुटले. पहिल्या नावाचे आम्ही दोघे राहिलो.

या भावाशी मी कित्येक वर्षं बोलत नव्हतो. कारण बांधावरची काजूची झाडं. आमच्या रत्नागिरीच्या आतल्या गावांत भाऊबंदांना तोंड फिरवायला याहून मोठं कारण लागत नाही. त्याची आई, म्हणजे माझी काकी, मात्र हे भांडण कधी मानत नव्हती. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून मला न्हाऊमाखू घातलं ते काकीने. पुढे वाटण्या झाल्या, काका खालच्या वाडीत घर बांधून राहिले, मी वर राहिलो. तरी घावन केले की काकी कोणाच्या तरी हाती पाठवायची. भावाला कळलं तर तो चिडायचा आणि ती त्याला उडवून लावायची. मी ते घावन खायचो आणि त्याच्याशी बोलायचो नाही. असं होतं आमचं.

जेल कुठलं ते लिहीत नाही. सगळी जेलं आतून एकाच रंगाची असतात. आम्हाला दोघांना एकाच बराकीत टाकलं, कारण दुसरीकडे पाठ टेकायला जागा नव्हती. पहिल्याच दिवशी मला कळलं की इथेही वरची वाडी आणि खालची वाडी आहे.

एका बाजूला भाई. हा मुंबईच्या जेलातून इकडे आणलेला, कारण तिकडे त्याच्या जिवावर उठलेले लोक होते. मूळ मंडणगडकडचा, पण जन्म मुंबईतला. गाव त्याने लहानपणी मे महिन्यात पाहिलं असेल तेवढंच. बारीक अंगाचा, पोटाचा दुखणेकरी, सदा कोमट पाणी पिणारा माणूस. त्याला बघून कोणाला भीती वाटणार नाही. भीती त्याच्या आजूबाजूच्या चौघांची वाटायची, आणि ते चौघे त्याच्या नजरेकडे बघत बसलेले असायचे. बराकीत तंबाखूची पुडी हवी असेल तर ती भाईच्याच माणसाकडून.

दुसऱ्या बाजूला शेठ. खाडीतली वाळू काढणारा, गडगंज, इथलाच. त्याच्या हातात जेवण होतं. म्हणजे सरकारी जेवणच, पण ते वाढणारे कैदी त्याचे. ज्याच्या हातात ओगराळं तो बराकीचा मालक, हे मला आत गेल्यावर कळलं. वाढणाऱ्याने ओगराळं तळापर्यंत घातलं तर ताटात डाळ येते, वरच्यावर फिरवलं तर पिवळं पाणी. आठवडाभर पाणी पिऊन बघा, माणूस कोणाच्याही पाया पडतो. भाईला ते ओगराळं हवं होतं आणि शेठला पुडी. सगळं राजकारण एवढंच. बाहेर आमदारकीला उभे राहणारे लोक याहून फार निराळं काही करतात असं मला वाटत नाही.

माझा चुलत भाऊ गावजेवणांचा आचारी. दोनशे पानं एकट्याने उठवणारा, धिप्पाड, आवाजाचा मोठा. शेठने त्याला चार दिवसांत हेरलं आणि त्याच्या हाती ओगराळं दिलं. माझं गावात पंपदुरुस्तीचं दुकान होतं. जेलच्या विहिरीवरचा पंप सारखा बिघडायचा, म्हणून मला तिकडे न्यायला लागले. तिकडे जाणारा माणूस भाईच्या कामाचा होता. विहिरीजवळच्या दगडी गडग्यामागे बाहेरून काही पडलेलं असेल ते येताना उचलून आणायचं, एवढंच त्याने सांगितलं. मी नाही म्हणालो. दोन दिवस माझी वळकटी ओली मिळाली, तिसऱ्या दिवशी संडासाच्या दाराशी झोपायला लावलं. चौथ्या दिवशी मी उचलून आणलं. याची मला लाज वाटते का? वाटते. पण ती बाहेर आल्यावर वाटायला लागली, आत असताना फक्त झोप हवी होती.

तेव्हा भाईने एकदा विचारलं होतं की तो आचारी तुझा कोण लागतो. आमचं आडनाव एक, पण गावातल्या अर्ध्या लोकांचं तेच आडनाव. मी म्हणालो, "माझा कोणी नाही."

आमच्याकडे हे वाक्य फक्त रक्ताच्या माणसाबद्दल बोलतात. परका माणूस आपला कोणी नाही हे कोण कशाला सांगेल? गावात वाढलेल्या कोणालाही यातून कळलं असतं की हे सख्खे चुलत भाऊ आहेत आणि यांचं फाटलेलं आहे. भाईने मात्र ते जसं ऐकलं तसंच धरलं. मलाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. मी खोटं बोललोच नव्हतो.

श्रावणात बायको मुलाखतीला आली. जाळीपलीकडे ती नुसती पदर तोंडाला लावून उभी. मला वाटलं जामीन फेटाळला. मग तिने सांगितलं की काकी गेली. शेवटी दोघांना बोलवा म्हणत होती, दोघांची नावं घेत होती, आणि तिला कोणी सांगितलंच नव्हतं की दोघे कुठे आहेत. मुंबईला कामाला गेलेत असं सांगून ठेवलं होतं. मी जाळीला डोकं टेकून रडलो. शिपाई चांगला होता, त्याने वेळ संपली तरी मला हलवलं नाही.

भावाला ऑफिसात बोलावून सांगितलं होतं. अंत्यविधीला जायची परवानगी येईपर्यंत काकीची राख झाली होती. तो बराकीत परत आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. माझ्यापासून पंधरा-वीस हात लांब. मी उठलो नाही. भाईची माणसं बघत होती हे खरं, पण इतक्या वर्षांची सवयही होतीच.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी दाढीकटिंग करणारा कैदी वस्तरा घेऊन बराकीत यायचा. मी त्याला नको म्हणालो. सुतक होतं, भाऊबंदांत माणूस गेलं की दाढी नाही, देवाला हात लावणं नाही. संध्याकाळी भाई त्याच्या जागेवर आरती करायचा. माझा आवाज बरा म्हणून मला म्हणायला लावायचा. त्या दिवशी मी लांब बसून राहिलो. यात विचार करण्यासारखं काही असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. जेवताना उजवा हात पुढे होतो, तसं ते झालं.

दाढीवाल्याने भाईला जाऊन सांगितलं की दोघांनी दाढी केली नाही. एक आपल्यातला, एक शेठचा.

भाईने मला जवळ बसवलं. कोमट पाण्याचा पेला पुढे केला. मी सांगितलं की सुतक आहे. कोणाचं, तर काकीचं. काकी कोण, तर... इथे माझी जीभ अडली. त्याला आधीच कळलं होतं, ऑफिसातून त्याला सगळं कळायचं.

तो म्हणाला, "तू बोललास तो तुझा कोण नाय. कोण नाय त्याच्या आईसाठी दाढी सोडतोस?"

मी समजावायला गेलो. आमच्यात बोलणं तुटलं तरी सुतक तुटत नाही, ते देवानेच घातलेलं असतं, त्यात प्रेमाचा प्रश्न नाही, वैऱ्याचंही धरावं लागतं. मी जितकं बोलत गेलो तितकं ते खोटं वाटत गेलं. मलाच वाटायला लागलं. भाईचा हिशेब सरळ होता. आपला माणूस आणि शेठच्या ओगराळ्यावरचा माणूस एका रक्ताचे, आणि आपल्याने ते लपवलं. पुडी कुठून येते, कोण आणतं, हे सगळं आता तिकडे पोचलेलं असणार.

त्याने मला त्यातून सुटायची वाट दाखवली. दहाव्या दिवशी तुमच्यात काय करतात ते त्याने दाढीवाल्याकडून विचारून घेतलं होतं. मुलगा केस काढतो, भाऊबंद दाढी करतात आणि गेलेल्या माणसाला तीळ घालून पाणी देतात. दहाव्याला सकाळी अंघोळीच्या वेळी तू हौदामागे उभा राहा, म्हणाला. "तू फक्त हाक मार. तुझ्या हाकेला तो येणार. बाकी आपण बघू."

हौदामागची जागा मनोऱ्यावरच्या शिपायाला दिसत नाही. भाईच्या माणसांकडे फरशीवर घासून धार काढलेला चमचा होता, तो मी पाहिलेला होता. त्यांना त्याला मारायचं होतं की नुसतं हातातून ओगराळं सुटेल इतपत फाडायचं होतं, हे मला आजही माहीत नाही. पोटात घातलेला चमचा असा भेद करतो असं मला वाटत नाही.

मधले दिवस कसे काढले ते सांगता येत नाही. मी जेलरसाहेबांकडे गेलो आणि बराक बदलून मागितली. त्यांनी कारण विचारलं. कारण सांगायचं तर नाव घ्यावं लागणार, आणि नाव घेतलं तर संध्याकाळपर्यंत ते भाईच्या कानावर जाणार. मी म्हणालो, इथे डास फार आहेत. त्यांनी मला हाकलून दिलं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. भावाला सांगावं तर माझ्या दोन्ही बाजूंना भाईची माणसं. मी जेवायला रांगेत उभा राहायचो, तो माझ्या ताटात डाळ वाढायचा, आमच्यात हातभराचं अंतर असायचं आणि माझ्या मागे भाईचा माणूस. त्या दिवसांत माझ्या ताटात डाळ घट्ट यायला लागली. सुतक धरलं हे त्याने पाहिलं होतं. तो ओगराळं तळापर्यंत घालायचा आणि माझ्याकडे न बघता पुढच्याचं ताट घ्यायचा. मागचा माणूस ताटात डोकावून बघायचा आणि भाईला सांगायचा.

मी ठरवलं की हाक मारायची नाही. काय व्हायचं ते मला होईल. एकदा हे ठरल्यावर मला थोडी झोपही लागली. हाक मारली नाही तर तो येणार नाही, इतका सोपा विचार मी केला होता. तो स्वतःहून येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि ज्या गावात मी जन्मलो तिथल्या माणसाच्या डोक्यात ते सगळ्यात आधी यायला हवं होतं.

दहाव्याला सकाळी मी दाढी करून घेतली आणि हौदामागे जाऊन उभा राहिलो. भाईचे दोघे भिंतीला टेकून अंग चोळत बसले होते. तिसरा माझ्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा. त्याने कोपराने ढोसलं, मार हाक. मी गप्प. त्याने पुन्हा ढोसलं. मी म्हणालो की घसा बसलाय.

आणि मला तो येताना दिसला. डोक्याचा गोटा केलेला, उघडा, ओला पंचा नेसलेला. हातात पाण्याचा तांब्या. दुसऱ्या मुठीत तीळ असणार, स्वयंपाकघरातून मिळवले असणार. बराकीतून तो थेट माझ्याकडे चालत येत होता, कारण त्या जेलात त्याचा भाऊबंद मी एकटाच होतो. आईला पाणी द्यायला दुसरं कोण होतं? शेजारचा माणूस हलला. भिंतीजवळचे दोघे उठून उभे राहिले.

तो हौदाच्या कडेशी येऊन थांबला. अजून चार पावलं पुढे आला असता तर मनोऱ्यावरून दिसेनासा झाला असता. डोळे सुजलेले होते. इतक्या वर्षांनी तो माझ्याशी बोलला.

"दादा, आयेला पानी दे."

मला पुढे जाऊन त्याच्या हातातला तांब्या घ्यायचा होता. माझं सगळं अंग तिकडे ओढत होतं. ती माझीही आई होती, त्याच्यापेक्षा काकणभर जास्तच असेल, कारण माझ्याकडे दुसरी नव्हती. मी पुढे गेलो असतो तर आम्हाला दोघांनाही तिथेच घेतलं असतं. मी मागे राहिलो असतो तर तो पुढे आला असता. पळ म्हणालो असतो तर त्याला कळलं नसतं, तो काय झालं म्हणून आणखी जवळ आला असता. मी त्याला ओळखतो.

म्हणून मी त्याला शिवी दिली. आईवरूनच दिली. तुझी आई माझी कोण लागते, म्हणालो. तिला पाणी द्यायला मी तुझा बांधील नाही. तीळ टाक गटारात आणि चालता हो. हे मी इतक्या मोठ्याने म्हणालो की आवारातली सगळी माणसं वळून बघायला लागली, मनोऱ्यावरचा शिपाईसुद्धा.

तांब्या धरून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी थट्टा करतोय की काय ते शोधल्यासारखा. मग वळला आणि आवाराच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत, एकट्यानेच पाणी सोडलं. मी बघत होतो. मला मनातल्या मनातही काकीला पाणी देता आलं नाही, कारण जे तोंडातून गेलं होतं तेच कानात वाजत होतं.

त्याच दिवशी दुपारी पंपाच्या खोलीत त्यांनी माझा उजवा पंजा दाराच्या फटीत धरला आणि दार लोटलं. पट्ट्यात हात गेला असं मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी ते खरं मानलं, किंवा मानायचं ठरवलं. दवाखान्यात प्लास्टर घातलं. तिथून मला दुसऱ्या बराकीत टाकलं, आता जागा निघाली होती. आज माझ्या या हाताने मोटरची तार गुंडाळता येत नाही. दुकान मेव्हणा बघतो, मी गल्ल्यावर बसतो.

दिवाळीच्या सुमारास भाई आणि शेठ यांचं जमलं. कोणी जमवलं माहीत नाही. ओगराळं शेठकडे राहिलं, पुडी भाईकडे राहिली, म्हणजे जे आधी होतं तेच ठरलं. दोघांनी एका ताटात फराळ केला असं मला नंतर कोणीतरी सांगितलं. मी ते ऐकून हसलो. मला वाटतं त्या वर्षात मी तेव्हा एकदाच हसलो.

आम्हाला दोघांना एकाच आठवड्यात जामीन झाला. पुढच्या शिमग्याच्या आधी गावाने बैठक घेतली आणि पालखीचा वाद एका दुपारी मिटवला. एक वर्ष आधी वर, एक वर्ष आधी खाली. चहा झाला, माणसं घरी गेली.

जेलात मी काकीच्या पाण्याला काय म्हणालो ते आमच्या आधी गावात पोचलं होतं. वरच्या वाडीतले लोकही माझ्याशी तुटक बोलायला लागले. बायकोला मी सगळं खरं सांगितलं. तिने विश्वास ठेवला, पण ती म्हणाली की मला सांगून काय उपयोग, ज्याला सांगायचं त्याला सांगा. ते सांगायला मला बरेच महिने लागले. शेवटी एका दुपारी खालच्या वाडीत गेलो. भाऊ पडवीत सुपाऱ्या सोलत बसला होता. त्याच्या बायकोने पाणी आणून ठेवलं आणि आत निघून गेली.

मी सगळं सांगितलं. भाई, चमचा, हौदामागचे दोघे, हाक. हात दाखवला. वाकडी झालेली बोटं दाखवली. मध्ये त्याने एकदाही मला तोडलं नाही. सुपारी सोलायची थांबवली होती, एवढंच.

माझं संपल्यावर तो म्हणाला की मला ठाऊक आहे. शेठच्या माणसांनी त्याला त्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. तू मला वाचवलंस हे मी कोणासमोरही कबूल करीन, म्हणाला. मग तू बोलत का नाहीस, मी विचारलं. माझा आवाज चढला, मला राग आवरत नाही. एवढं कळूनही तू माझ्या दारावरून मान खाली घालून जातोस, तुझ्यासाठी मी हात घालवला.

तो उठला. सूप उचलून बाजूला ठेवलं.

"हात मी तुला मागितला नव्हता, दादा. पानी मागितलं होतं," तो म्हणाला. "आता तू गेलास तरी मी दाढी करनार. तुझं सुतक माझ्या घरात धरनार नाय."

मी पायऱ्या उतरून वरच्या वाडीत आलो. माझं वय झालंय, आणि मला मुलगा नाही. भाऊबंदांत पाणी द्यायला तो एकटाच आहे.